शुगर विचारता, तसं पोटाचंही विचारा

प्रति,
मधुमेहाचे रुग्ण तपासणारे महाराष्ट्रातले सर्व डॉक्टर,
गल्लीतल्या फॅमिली डॉक्टरांपासून शहरातल्या मधुमेहतज्ज्ञांपर्यंत

सप्रेम नमस्कार.

माझ्यासमोर टेबलावर एक वही उघडी आहे. दोनशे पानी, लांबट, पुठ्ठ्याच्या बांधणीची, किराणा दुकानात उधारी मांडायला वापरतात तसली. ही माझ्या वडिलांची शुगरची वही. आम्ही त्यांना अप्पा म्हणतो. ३१ वर्षं एसटीत कंडक्टर होते, त्यामुळे अक्षर बारीक आणि हिशोब चोख. वयाच्या ५२ व्या वर्षी मधुमेह निघाला, त्याच आठवड्यात त्यांनी ही वही आणली आणि पट्टीने रकाने आखले: तारीख, उपाशीपोटी, जेवणानंतर, वजन, गोळ्या. चौदा वर्षांत एक महिना कोरा गेलेला नाही.

रकाने संपल्यावर उजवीकडे बोटभर जागा उरते. तिथं ते मनात येईल ते टिपून ठेवायचे. ‘पुतणीचं लग्न, जेवण जास्त.’ ‘दसरा, श्रीखंड दोन वाट्या.’ ‘पायाला मुंग्या.’ आणि शेवटच्या वर्षात: ‘पोट साफ नाही.’ ‘पुन्हा नाही.’ ‘दोनदा जावं लागलं, तरी समाधान नाही.’ ‘जिन्यात दम.’ ‘काळं होतंय.’ अशा अकरा नोंदी आहेत. मी त्या ऑपरेशननंतर मोजल्या.

ही वही दर तीन महिन्यांनी डॉक्टरांच्या टेबलावर उघडायची. डॉक्टर मनापासून बघणारे होते, आजही आमच्या मनात त्यांच्याबद्दल राग नाही. ते रकान्यांवरून बोट फिरवत खाली यायचे, दोन आकड्यांना गोल करायचे, पायाला स्पर्श करून बघायचे, वर्षातून एकदा डोळ्यांच्या तपासणीला आणि किडनीच्या रिपोर्टला पाठवायचे. सगळं नियमाप्रमाणे. उजवीकडच्या बोटभर जागेत मात्र त्यांची नजर गेली नाही. शेजारच्या खुर्चीत मी बसलेली असायचे, माझीही गेली नाही.

त्या वर्षात अप्पांचं वजन ७८ किलोवरून ७१ वर आलं. डॉक्टरांनी पाठीवर हात ठेवला, म्हणाले, ‘अप्पा, हेच चालू ठेवा.’ चौदा वर्षं ज्यासाठी धडपड केली ते अखेर जमलं, म्हणून अप्पा त्या दिवशी घरी येताना आईसाठी गजरा घेऊन आले. मग हिमोग्लोबिन ९.१ आलं. ‘मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी बरीच वर्षं चालू आहे, बी-१२ कमी होतं कधीकधी,’ म्हणून बी-१२ ची इंजेक्शनं झाली, सोबत लोहाच्या गोळ्या. लोहाच्या गोळ्यांनी शौच काळी होतेच, त्यामुळे ‘काळं होतंय’ या नोंदीचंही उत्तर आपोआप मिळालं. बद्धकोष्ठाला इसबगोल. मध्येच जुलाब झाले की मेटफॉर्मिनचा दोष. एक दिवस बाजारातून भाजी घेऊन येताना ते रस्त्यातच खाली बसले, तेव्हा हिमोग्लोबिन ६.८ होतं. मिरजेला दुर्बिणीने तपासणी झाली आणि मोठ्या आतड्याच्या उजव्या भागात गाठ निघाली. जवळच्या गाठींमध्ये पसरलेली, म्हणजे तिसरी पायरी.

आमच्या एकट्या घरचा हा योगायोग असता तर मी हे पत्र लिहिलं नसतं. मी शाळेत गणित शिकवते. अप्पांच्या केमोच्या दिवसांत वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून जे वाचता आलं ते वाचलं, न समजलेलं भाचीकडून समजून घेतलं, ती एमबीबीएसला आहे. जे कळलं ते तुम्हाला शिकवण्याचा आव मला आणायचा नाही, तुम्ही ते शिकलेलाच आहात. पण ते तुमच्या टेबलापर्यंत पोचलेलं दिसत नाही, म्हणून इथं मांडते.

२००५ साली १५ पाहण्यांचे निष्कर्ष एकत्र करून प्रसिद्ध झाले. त्यात सुमारे २६ लाख लोक होते. मधुमेह असलेल्यांना मोठ्या आतड्याच्या आणि गुदाशयाच्या कॅन्सरचा धोका सुमारे ३० टक्क्यांनी जास्त निघाला. शंभरातल्या तीस मधुमेहींना तो होतो, असा याचा अर्थ नव्हे. मधुमेह नसलेल्या एखाद्या मोठ्या समूहात हा कॅन्सर १०० जणांना झाला, तर तेवढ्याच मोठ्या मधुमेही समूहात तो १३० जणांना होतो, एवढाच. हे पाश्चात्त्य लोकांचं म्हणून सोडून द्यावं, तर जपानमधल्या आठ पाहण्या एकत्र केल्या, सव्वातीन लाखांहून जास्त माणसं धरली, तेव्हा मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा धोका मधुमेहींमध्ये सुमारे ४० टक्क्यांनी जास्त दिसला. २०१० मध्ये अमेरिकन डायबेटिस असोसिएशन आणि अमेरिकन कॅन्सर सोसायटीने मिळून एक निवेदन काढलं. आपल्या मधुमेही रुग्णांना वयाप्रमाणे लागू असलेल्या कॅन्सर-तपासण्या करून घ्यायला डॉक्टरांनी आग्रहाने सांगावं, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. याला दीड दशक उलटलं.

एकाच्या मागे दुसरं येतं म्हणून पहिलं दुसऱ्याचं कारण ठरत नाही, हे मी मुलांना वर्गात सांगते. पोटाचा घेर, बैठं काम, तंबाखू, दारू, भाजीपाला कमी आणि मांस जास्त असलेलं जेवण, या गोष्टी मधुमेहालाही बोलावतात आणि आतड्याच्या कॅन्सरलाही. पण अनेक पाहण्यांमध्ये वजन, धूम्रपान वगैरेचा हिशोब वेगळा काढल्यावरही मधुमेहाचा वाटा उरतोच. आणि त्यामागचं शरीरशास्त्र समजायला अवघड नाही. टाइप टू मधुमेहात शरीर इन्सुलिनला दाद देईनासं होतं, म्हणून स्वादुपिंड ते जास्त जास्त ओतत राहतं. रक्तातली साखर वाढून रोग सापडतो त्याच्या कितीतरी वर्षं आधीपासून इन्सुलिन वाढलेलं असतं. इन्सुलिन साखर पेशीत पोचवतं, तसंच ते पेशींना वाढायलाही सांगतं. मोठ्या आतड्याचं अस्तर चार-पाच दिवसांत नवं होत असतं, म्हणजे तिथं पेशींची वाढ सतत चालूच. अशा जागी वर्षानुवर्षं ‘वाढा, वाढा’ असा निरोप जात राहिला, आणि त्यात पोटावरच्या चरबीमुळे शरीरात मुरलेला दाह मिसळला, तर बिघडलेली एखादी पेशी मरायची ती टिकून राहते. तिचा आधी कोंब होतो, ज्याला तुम्ही पॉलिप म्हणता, आणि त्या कोंबाचा कॅन्सर व्हायला बहुतेक वेळा दहा-एक वर्षं लागतात.

ती दहा वर्षं मला झोपू देत नाहीत. दहा वर्षं म्हणजे तीन महिन्यांची एक याप्रमाणे चाळीस भेटी. कॅन्सर होऊ शकणारा दुसरा कुठला माणूस चाळीस वेळा डॉक्टरांच्या समोर येऊन बसतो? धडधाकट माणूस दवाखान्याची पायरी चढत नाही. मधुमेही चढतो, ठरलेल्या तारखेला चढतो, वही घेऊन चढतो. तो तुमच्या हाताशी असतो.

आणि तरीही या रोगाला मधुमेहीच्या अंगात लपायला जास्त जागा मिळते. अप्पांच्या वहीतून मला हे कळलं, म्हणून यावर थोडं थांबते. साध्या माणसाचं पोट बिघडलं आणि सहा आठवडे तसंच राहिलं तर कुणीतरी विचारतं, हे का? मधुमेहीच्या बाबतीत उत्तर आधीच तयार असतं. बद्धकोष्ठ झालं तर मधुमेहाने नसा मंदावल्या. जुलाब झाले तर मेटफॉर्मिन. रक्त कमी झालं तर बी-१२ किंवा किडनी. थकवा आला तर शुगर वरखाली झाली असेल. वजन उतरलं तर शाबासकी. शौचाला रक्त दिसलं तर बद्धकोष्ठामुळे मूळव्याध. यातलं एकेक कारण खरंही असतं, बहुतेक वेळा खरंच असतं. पण अप्पांच्या वर्षभराच्या नोंदी एकाखाली एक ठेवल्या तर त्या सगळ्यांचं उत्तर एकच होतं, आणि आम्ही सगळे मिळून त्याला पाच वेगवेगळी नावं देत होतो.

शुगरच्या तीन महिन्यांच्या सरासरीचा आकडा, म्हणजे एचबीएवनसी, तोसुद्धा अशा वेळी फसवतो, हे मला भाचीने दाखवलं. लोह कमी झालं की एचबीएवनसी खोटं वर जाऊ शकतं, आणि रक्त जात असताना ते खोटं खालीही येऊ शकतं. घरच्या मशीनचे आकडे आणि एचबीएवनसी यांचा मेळ बसेना, तर तोही एक इशारा असतो. अप्पांचा बसत नव्हता. त्यांनी समासात लिहून ठेवलंय: ‘मशीन १६०–१७०, रिपोर्ट ६.४. कसं?’

या ‘कसं?’ चं उत्तर द्यायला कुणी नव्हतं.

आता माझं मागणं. चाळिशी ओलांडलेला मधुमेही समोर बसला की पायाला मुंग्या येतात का, असं जसं विचारता तसं शौचाचंही विचारा. हल्ली सवयीत काही फरक पडलाय का, रक्त किंवा आव दिसते का, जाऊन आल्यावर मोकळं वाटतं का. घरात आई, वडील, भावंडं यांपैकी कुणाला आतड्याचा कॅन्सर झाला होता का, हे एकदा विचारून कागदावर लाल पेनने लिहून ठेवा. आणि त्रास काहीच नसला तरी वयाप्रमाणे वर्षातून एकदा शौचातलं लपलेलं रक्त तपासायला सांगा. हल्लीची ‘फिट’ ही तपासणी माणसाच्याच हिमोग्लोबिनला पकडते, त्यामुळे आधी मटण, बीट वर्ज्य करावं लागत नाही. सुई नाही, उपास नाही, डबीत काडीभर नमुना द्यायचा. जपानमध्ये १९९२ पासून चाळिशीपुढच्या लोकांना ही तपासणी सरकारी कार्यक्रमातून मिळते. अमेरिकेने २०२१ मध्ये तपासणीचं वय ५० वरून ४५ वर आणलं. जुन्या पद्धतीची शौचातल्या रक्ताची तपासणी दरवर्षी केली तरीही या कॅन्सरचे मृत्यू एक तृतीयांशाने कमी झाले, हे अमेरिकेतल्या मिनेसोटातल्या प्रयोगाने १९९३ मध्येच दाखवलं होतं. मात्र रक्त दिसतंय, लोह कमी आहे, कारणाशिवाय वजन उतरलंय, अशा माणसाला डबी देऊन परत पाठवू नका. त्याला थेट दुर्बिणीच्या तपासणीला पाठवा, कारण डबीचा रिपोर्ट चांगला आला म्हणून गाठ नाही असं ठरत नाही.

तुम्ही म्हणाल, ओपीडीत साठ माणसं बाहेर थांबलेली असतात. ठाऊक आहे, आम्हीच त्या साठांत असतो. पण वजन घेणाऱ्या सिस्टरही हे प्रश्न विचारू शकतात. मला तर वाटतं तिथंच ते जास्त सोपे जातील. आपल्याकडे माणूस शौचाचं नाव घेत नाही. ‘बाहेर’, ‘परसाकडे’, ‘तिकडे’ असे शब्द वापरतो. मुलगी किंवा सून शेजारी बसली असेल तर तेवढंही बोलत नाही. माझी आई तर अजून ‘पोटाचं ते’ म्हणून हाताने खूण करते. अप्पा वहीत लिहू शकले, तोंडाने सांगू शकले नाहीत. डॉक्टरांनी सरळ विचारलं की त्या माणसाला बोलायची मुभा मिळते. आणि कृपा करून हेही सांगा की पाणी ओतण्याआधी एकदा वाकून बघावं. ही गोष्ट आम्हाला कुणी कधी सांगितलेली नाही.

सरकारी कार्यक्रमात तीस वर्षांवरच्या लोकांची मधुमेह, रक्तदाब आणि तीन कॅन्सर यांची तपासणी होते: तोंडाचा, स्तनाचा आणि गर्भाशयमुखाचा. आपल्याकडे हे तीन जास्त आहेत, त्यामुळे निवड योग्यच आहे. आमच्या गल्लीतल्या आशाताईंनी आईचा फॉर्म भरला तेव्हा मी तो पूर्ण वाचला. तोंडातला न बरा होणारा व्रण होता, स्तनातली गाठ होती, खोकल्यातलं रक्त होतं. शौचातलं रक्त कुठे दिसलं नाही. आरोग्य विभागातलं कुणी हे वाचत असेल, तर त्या फॉर्मात एवढी एक ओळ घाला, त्याला नवं यंत्र लागत नाही.

आपल्या देशात आतड्याचा कॅन्सर पाश्चात्त्य देशांच्या मानाने कमी आहे, हे खरं. वर्षाला साधारण ७० हजार नवे रुग्ण, असा २०२२ चा जागतिक अंदाज आहे. म्हणून मी घराघरांत दुर्बीण मागत नाही. पण आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०२३ मध्ये आलेल्या मोठ्या पाहणीनुसार देशात मधुमेही १० कोटींहून जास्त आहेत, आणि आमच्या शेजारच्या गोव्यात तर प्रौढांतलं प्रमाण २६.४ टक्के, देशात सगळ्यात जास्त. एवढ्या मोठ्या समूहाचा धोका थोडासा वाढला तरी ती हजारो माणसं होतात. शिवाय आपल्याकडे हा रोग म्हातारपणाची वाट बघत नाही. परळच्या टाटा रुग्णालयाने आपल्या ८०० रुग्णांचा आढावा घेतला होता, त्यांचं सरासरी वय ४७ होतं. पन्नाशी आली की बघू, असं म्हणणाऱ्यांसाठी हा आकडा मी मुद्दाम लिहितेय.

हे पत्र मधुमेही लोकही वाचतील, म्हणून एक गोष्ट इथंच स्पष्ट करते. वर इन्सुलिनबद्दल वाचून कुणी आपलं इन्सुलिन बंद करू नये. ती शंका तज्ज्ञांनाही आली होती आणि तिचा तपास झाला आहे. २०१२ मध्ये संपलेल्या एका मोठ्या प्रयोगात साडेबारा हजार लोकांपैकी निम्म्यांना ग्लारजिन इन्सुलिन देऊन सहा वर्षं पाहिलं, कॅन्सरचं प्रमाण वाढलं नाही. मेटफॉर्मिनबद्दल तर उलटी आशा आहे. जपानमध्ये मधुमेह नसलेल्या, पण आधी पॉलिप काढलेल्या १५१ जणांवर प्रयोग झाला. वर्षभर अगदी कमी डोस घेतलेल्यांमध्ये नवे पॉलिप कमी निघाले. पण प्रयोग छोटा होता, काळ एकच वर्ष. मेटफॉर्मिन चालू आहे म्हणून आपण सुरक्षित, असं समजू नका. अप्पा ते चौदा वर्षं घेत होते.

आणखी एक विनंती डॉक्टरांना. मधुमेहीला दुर्बिणीच्या तपासणीला पाठवताना गोळ्यांचं वेळापत्रक तुम्ही स्वतः लिहून द्या. आतडं साफ करायचं औषध, पातळ जेवण आणि नेहमीच्या गोळ्या एकत्र आल्या की शुगर धाडकन खाली येते. शुगरच्या औषधांपैकी ग्लिफ्लोझिन गटातल्या गोळ्या तीन-चार दिवस आधी थांबवाव्या लागतात, नाहीतर उपाशीपोटी रक्तात आम्ल वाढायचा धोका असतो. आम्हाला तपासणीच्या ठिकाणी सांगितलं, ‘शुगरच्या डॉक्टरांना विचारा’, आणि शुगरच्या डॉक्टरांनी सांगितलं, ‘ते तिकडे सांगतील.’ आदल्या रात्री दोन वाजता अप्पांची शुगर ५८ होती, आणि मी चमच्याने साखरपाणी पाजत होते.

अप्पा आज आहेत. उजवीकडचं आतडं काढलं, सहा महिने केमो झाली. केमोतल्या एका औषधाने बोटं बधिर होतात. मधुमेहाने पाय आधीच बधिर होते, आता हातही झाले. बटण लावता येत नाही म्हणून सदऱ्याऐवजी टी-शर्ट घालतात. वही चालूच आहे, पण अक्षर मोठं झालंय, पेन नीट धरता येत नाही. तिसऱ्या पायरीऐवजी पाच वर्षं आधी तो नुसता कोंब असताना सापडला असता, तर अर्ध्या तासात दुर्बिणीतूनच निघाला असता. हे मी अंदाजाने म्हणत नाही. अप्पांच्या आजारामुळे मला तपासणीला जायला सांगितलं गेलं आणि माझ्या आतड्यात सहा मिलिमीटरचा पॉलिप निघाला. तिथल्या तिथं काढला. दुपारी मी घरी येऊन वरणभात खाल्ला.

राहिला माझा धाकटा भाऊ. वय ४१. तीन वर्षांपूर्वी त्याला मधुमेह निघाला. स्वीडनमध्ये सव्वा कोटीहून अधिक लोकांच्या नोंदी धुंडाळून २०२० मध्ये जे प्रसिद्ध झालं, ते मी त्याला वाचून दाखवलं: पन्नाशीच्या आत मधुमेह झालेल्यांना पन्नाशीच्या आतच हा कॅन्सर होण्याचा धोका जवळपास दुप्पट, आणि घरात आई, वडील किंवा भावंडाला तो झालेला असेल तर जवळपास सातपट. त्याने ऐकून घेतलं. म्हणाला, ‘ताई, तू अप्पांमुळे घाबरली आहेस. माझे डॉक्टर दर तीन महिन्यांनी बघतात मला. तसं काही असतं तर ते बोलले नसते का?’

पुढच्या महिन्यात त्याची तारीख आहे. तुमच्यापैकीच कुणाच्या तरी समोर तो बसेल, मोबाइलमध्ये शुगरचे आकडे दाखवेल. वडिलांचं तो आपणहून सांगणार नाही. त्याला विचारा.

आपली,
एका मधुमेही कंडक्टरची मुलगी